मिसिंगचं पंचांग

जुनं इंजिन मिसिंग करायला, म्हणजे अडखळायला लागलं की लोक बॉनेट उघडतात. मी आधी महिना कोणता चालू आहे ते बघतो. एप्रिल-मे असेल तर पहिला संशय पेट्रोलवर. आषाढ-श्रावण असेल तर ठिणगीवर. दिवाळीच्या सुमारास, पावसाळाभर उभी राहिलेली गाडी कुरकुरत असेल तर टाकीवर. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात हा हिशेब इतक्यांदा जुळतो की त्याचं एक पंचांगच छापावं असं वाटतं. आमच्या गाडीच्या दुरुस्तीचं मूळ पुस्तक इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या कंपनीचं. गारठलेल्या सकाळी चोक किती ओढावा हे ते मन लावून सांगतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि मध्ये आपण, अशा अवस्थेत शिळफाट्यावर काय करावं हे लिहिणाऱ्याला सुचण्याचं काही कारण नव्हतं.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड. साठच्या दशकातले रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना ती आठवेल. फियाट आणि अँबॅसेडर यांच्या गोलमटोल गर्दीत ही एकटी धारदार कडांची, मागे चिमुकले पंख फुटलेली. इंग्लंडात ती ट्रायम्फ हेराल्ड म्हणून १९५९ साली आली; जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने तिचं रूप आखलं होतं. १९६१ पासून स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ती मद्रासला बनवू लागली. पुढच्याच वर्षी ट्रायम्फने हेराल्डची चौकट आखूड केली, तिच्यावर दोन माणसांपुरतं उघडं अंग चढवलं आणि तिला स्पिटफायर असं लढाऊ नाव दिलं. ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटल्यावर जगाच्या डोळ्यांपुढे जी दोन-चार रूपं येतात त्यातलं हे एक. खालचा सांगाडा मात्र संसारी माणसांच्या गाडीचा.

इंजिन त्याहून जुनं. १९५३ च्या स्टँडर्ड एट या काटकसरी गाडीत ते ८०३ सीसीचं होतं. सिलिंडरचा व्यास वाढवत वाढवत ते ९४८ झालं, ११४७ झालं, १२९६ झालं आणि शेवटी स्ट्रोकही लांबवून १४९३ पर्यंत ताणलं. १९७४ पासून एमजी मिजेटमध्येही तेच बसू लागलं. स्पिटफायरला जन्मतःच ६३ घोडे आणि एसयूचे दोन कार्बोरेटर मिळाले. आमच्या ९४८ ला एकच कार्बोरेटर आणि पस्तिसाच्या आसपास घोडे. पण ब्लॉक तोच, चार सिलिंडरांना ठिणगी मिळण्याचा क्रम तोच, कुरकुरण्याची तऱ्हा तीच. इंग्लंडातला एखादा निवृत्त गृहस्थ रविवारी सकाळी आपल्या स्पिटफायरचं मिसिंग शोधत असतो आणि मी डोंबिवलीत हेराल्डचं, तेव्हा आम्ही दोघं एकाच इंजिनाशी भांडत असतो. फरक हवेचा.

(एमजी म्हटल्यावर आताच्या मुलांना २०१९ साली आलेली उंचापुरी हेक्टर आठवते. तिची मला असूया वाटते ती एकाच गोष्टीसाठी. काही बिघडलं तर तिच्या पडद्यावर दिवा लागतो.)

हेराल्डची एक गोष्ट पाहताक्षणी माणूस तिच्यावर खूश होतो. बॉनेट उघडतं तेव्हा दोन्ही मडगार्ड, दिवे, सगळा पुढचा भाग एकसंध उचलून पुढे कलतो. इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं पडतं, आणि पुढच्या टायरवर बसून काम करता येतं. फियाटच्या बॉनेटखाली वाकून ज्यांची कंबर गेली त्यांना हा केवढा मोठा उपकार वाटतो ते मामांकडून ऐकावं.

मामा म्हणजे आमचे मिस्त्री. कल्याणला एका गल्लीत त्यांचं एका गाडीपुरतं गॅरेज आहे. उमेदीची वर्षं त्यांनी कुर्ल्याला प्रीमियरमध्ये काढली, नंतरची डोंबिवलीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली ती कंपनी. तिथली फियाट ११०० पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून अजरामर झाली. कल्याण-शीळ रस्त्यावर कंपनीचा दुसरा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनल्या, मग फ्रेंच भागीदार निघून गेले. आता त्या बाजूला टॉवरच टॉवर आहेत, पण सभा असली की पत्ता अजून प्रीमियर मैदान असाच सांगतात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाच्या नियमाने रस्त्यावरून उतरली. पेपरात तिच्याबद्दल हळवे लेख आले. मामांनी बातमी वाचली आणि विचारलं, “इंजिन कुठं गेलं तिचं?”

हेराल्डला ते ‘मद्रासची मडम’ म्हणतात. फियाटचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२, हेराल्डचाही १-३-४-२, एवढ्यावर त्यांची तिच्याशी ओळख पटली.

मामा बॉनेटला हात लावण्याआधी प्रश्न विचारतात. बंद पडली तेव्हा गरम होती की थंड? चढावर की सपाटीला? हळूहळू मेली की खटकन? दिवे लावले होते का? शेवटचं पेट्रोल कुठं भरलं? मालक उत्तर देण्याऐवजी “कार्बोरेटर साफ करायला हवा बहुतेक” असं म्हणाला की ते चहा मागवतात. कार्बोरेटरवर सगळ्यांचा राग का, याची त्यांची मीमांसा मला पटते. तो वर बसलेला असतो, दिसतो, त्याला बाहेरून फिरवता येणारे स्क्रू असतात आणि स्क्रूड्रायव्हर प्रत्येकाच्या घरी असतो. ठिणगी पाडणारे पॉइंट डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली लपलेले, त्यांची फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारावे भाग. ती मोजायला फिलर गेज लागतो आणि शिवाय धीर. त्यामुळे दोष पॉइंटचा असतो आणि पिळला जातो कार्बोरेटर. मग मूळ दोष तसाच राहतो आणि वर कार्बोरेटरचं बिघडलेलं सेटिंग हा दुसरा दोष तयार होतो. मामांच्या मते त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे खरे बिघाड कमी आणि बिघाड शोधताना केलेले बिघाड जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती बदलून गाडी चालवायची, मगच दुसरीला हात घालायचा. हे सांगणं सोपं आहे. रस्त्यात उभं असताना माणसाला एकदम प्लग, पॉइंट, कॉइल सगळंच बदलून टाकावंसं वाटतं, आणि गाडी सुरू झालीच तर कशामुळे झाली हे कळायचा मार्ग तो स्वतःच बंद करून टाकतो.

मिसिंग कोणत्या सिलिंडरला आहे ते कळायला यंत्र लागत नाही. चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीने उचलायची. उचलल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. उचलूनही काही फरक पडला नाही तर तोच रिकामटेकडा. मग त्याचा प्लग काढून रंग बघायचा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, तेलकट म्हणजे रिंगा गेल्या, आणि बिस्किटी रंग असेल तर सिलिंडरमध्ये जळण नीट होतंय, दुखणं वायरीत शोधा. चार प्लग फडक्यावर ओळीने मांडून मामा जेव्हा चष्मा कपाळावर चढवतात तेव्हा त्यांच्याशी बोलू नये.

आता उन्हाळा. मुंब्रा बायपासचा चढ, ट्रकांची रांग, पारशिकचा डोंगर तापलेला. इंजिन आधी दोन गचके देतं, मग सुस्कारा टाकून थांबतं. सेल्फ फिरतो, इंजिन बोलत नाही. हा वेपर लॉक. हेराल्डचा पेट्रोलपंप इंजिनालाच जडवलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालतो. टाकी मागे, पंप पुढे, म्हणजे पेट्रोल ओढून आणावं लागतं. ओढताना नळीतला दाब उतरतो आणि कमी दाबाखाली कोणताही द्रव लवकर उकळतो. नळीत वाफ भरली की पंप बिचारा वाफच ढकलत बसतो. चालत्या गाडीला पंख्याचा वारा तरी मिळतो. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, ब्लॉकची उष्णता वर चढते आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं उरलंसुरलं पेट्रोलही उडून जातं. म्हणून कोंडीत इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारा जास्त वेळ अडकतो. उपाय पिढीजात आहे. ओलं फडकं पंपावर आणि नळीवर गुंडाळायचं, पाणी ओतायचं नाही, कारण पंपाला काचेची वाटी असेल तर ती तडकते. कसाऱ्याच्या घाटात असं फडकं बांधलेल्या गाड्यांची रांगच्या रांग ज्यांनी पाहिली आहे ती पिढी अजून आहे.

इथपर्यंत सोपं. घोळ पुढे आहे. पॉइंटच्या शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. पत्र्याच्या डबीत कागद आणि धातूचा वर्ख गुंडाळलेला, एवढाच त्याचा संसार. पॉइंट उघडतात तेव्हा तिथल्या तिथे ठिणगी उडून जाऊ नये, कॉइलचा सगळा जोर प्लगपर्यंत पोचावा, हे त्याचं काम. म्हातारा झाला की तो गरम असताना गळतो आणि गार झाला की एकदम शहाण्यासारखा वागतो. म्हणजे काय होतं बघा. गाडी ऊन असताना बंद पडते, अर्धा तास सावलीत उभी केली की काही न करता सुरू होते. वेपर लॉकचंही हुबेहूब असंच. दोन दुखणी, एकच लक्षण. आणि गंमत अशी की ओलं फडकं दोन्हींना लागू पडल्यासारखं वाटतं, कारण फडकं बांधून, वाट बघून, कलिंगड खाऊन होईपर्यंत कंडेन्सरही निवलेला असतो. कितीतरी लोक वर्षानुवर्षं कंडेन्सरच्या दुखण्यावर पंपाला ओलं फडकं बांधत आले असतील.

सोक्षमोक्ष लावायचा तर तो गाडी बंद पडल्या क्षणीच. कुठे पेट्रोल सांडलेलं नाही ना ते आधी बघायचं. मग कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढून तिचं टोक ब्लॉकपासून पाव इंचावर धरायचं आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडाडणारी ठिणगी आली तर विजेचा भाग सुटला, पेट्रोलकडे वळा. पिवळी, मलूल आली तर कंडेन्सर नाहीतर कॉइल. ही परीक्षा उन्हात, रस्त्याच्या कडेला, हॉर्न आणि सल्ले ऐकतच द्यावी लागते. गॅरेजमध्ये पोचलेली गाडी साक्ष फिरवते. मामांचं निम्मं कसब त्यांच्या हातात आहे, पण उरलेलं निम्मं मालकाने रस्त्यावर काय पाहिलं यावर अवलंबून असतं, हे मला या एका परीक्षेने पटवलं.

मग पाऊस येतो आणि सगळा खेळ पालटतो. पेट्रोल आता गार असतं, हवा घट्ट असते, एकदा सुरू झालं की इंजिन उन्हाळ्यापेक्षा कितीतरी गोड चालतं. पण सुरू होणं हीच अडचण. खाडीच्या बाजूची हवा, कोलशेत काय किंवा दुर्गाडी काय, तिच्यात पाणीही आहे आणि मीठही. प्लगच्या वायरींवर, कॉइलच्या डोक्यावर, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आतून दव धरतं. कॉइलमधली वीज हजारो व्होल्टची. तिला प्लगपर्यंतच्या वायरीतून जाण्यापेक्षा ओल्या पृष्ठभागावरून जवळच्या लोखंडात उडी मारणं सोपं पडतं. पावसाळ्यातल्या रात्री अंगणातला दिवा घालवून, बॉनेट उघडं टाकून इंजिन चालू करून बघा. जुन्या वायरींवरून बारीक निळे तंतू सरपटताना दिसतात, तिकडे टिकटिक असा कोरडा आवाज येतो. दिसायला फार सुंदर असतं. पाच मिनिटं कौतुकाने बघावं आणि दुसऱ्या दिवशी वायरींचा संच बदलावा. टोपीत आतल्या बाजूला केसासारखी काळी रेघ सापडली तर ती नुसती पुसून भागत नाही. विजेने तिथे कोळशाची वाट पाडलेली असते आणि पुन्हा ओल आली की ती त्याच वाटेने जाते.

पण पावसाळ्याचा अस्सल दोष याहून खाली असतो. हेराल्डचं अंग तुकड्यातुकड्यांनी जोडून चौकटीवर बोल्टने बसवलेलं आहे, मध्ये रबराच्या चकत्या. इंजिनही रबरी मांडणीवर तरंगतं. म्हणून इंजिनाला बॅटरीच्या अर्थिंगशी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, तिच्यावर सगळं चालतं. ही पट्टी सगळ्यांत खाली, चिखलाच्या माऱ्यात. तिचं टोक एमआयडीसीच्या हवेत हिरवं पडतं (डोंबिवलीत २०१४ साली पाऊसच हिरवा पडला होता, तर तांब्याचं काय घेऊन बसलात), एक दिवस कुजून तुटतं. तरीही सेल्फ फिरतो! मग एवढा मोठा प्रवाह परत जातो कुठून? चोकच्या केबलमधून. डॅशबोर्डपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी ती पोलादी तार धातूने धातूला जोडते. सेल्फ मारताना ती चटका बसेल इतकी तापते, आतलं वेष्टन वितळतं आणि चोक ओढलेल्या अवस्थेतच अडकतो. आता लक्षणं कोणती? पेट्रोल जास्त, प्लग काजळलेले, धूर काळा, आयडलिंगला इंजिन गुदमरतंय. सगळी बोटं कार्बोरेटरकडे. तो उघडा, धुवा, जेटमध्ये फुंका, नवी गॅस्केट घाला, दोष तिथेच. एका कुजलेल्या पट्टीने एवढं नाटक उभं केलेलं असतं. मामा अशा वेळी पहिल्यांदा चोकच्या मुठीला हात लावून बघतात. ऊन लागली की खाली वाकतात आणि काही न बोलता पाना मागतात.

ऑक्टोबरनंतरच्या दिवसांत गाडी सुरूही होते आणि धावतेही; पंधरा-वीस मिनिटांनी मात्र जीव सोडते. थांबून टाकीचं झाकण उघडलं की ‘सुस्स’ आवाज होतो आणि गाडी पुन्हा ठीक. टाकीला हवा घेण्याचं बारीक छिद्र असतं. उभ्या गाडीत ते कोळिष्टकांनी, गंजाने, कधी कुंभारमाशीच्या मातीने बुजतं. पंप पेट्रोल ओढत राहतो, टाकीत पोकळी वाढत जाते, शेवटी पंप हरतो. सगळ्या दोषांत हा मला सर्वांत आवडतो, कारण त्याला औषध म्हणून एक सुई पुरते.

टाकीतल्या पेट्रोलचं मात्र सुईने भागत नाही. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि दोनेक वर्षांत ते सगळीकडे झालं. ऊसवाल्यांचं त्यात भलं आहे, महाराष्ट्रातल्या माणसाने त्याबद्दल फार तोंड उघडू नये. पण इथेनॉल हवेतलं पाणी पितं, आणि उभ्या गाडीत, दमट हवेत, पुरेसं पाणी प्यायलं की पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं. पंपाचा पडदा, वॉशर, नळ्या यांच्यातलं जुन्या काळचं रबर त्याने फुगतं नाहीतर कडक होतं. आणि हिशेबाचा प्रश्न आहेच. पेट्रोल पुरतं जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच पुरते. साठ वर्षांपूर्वी निव्वळ पेट्रोलसाठी भोक पाडलेल्या जेटमधून हे मिश्रण गेलं की इंजिनाच्या वाट्याला हवा जास्त आणि जळण कमी येतं. एक्सिलरेटर दाबला की आधी अडखळ, कार्बोरेटरातून एखादी उलटी शिंक, आणि प्लगचा तो बिस्किटी रंग हळूहळू फिका. त्यामुळे आता कधी नव्हे तो कार्बोरेटरच खरा गुन्हेगार ठरतो, आणि मामांची पंचाईत होते. जेट एक नंबर मोठा लावावा असं त्यांचंही मत झालं आहे, पण ते सांगताना त्यांचा चेहरा पडतो.

पेट्रोल याआधीही एकदा बदललं होतं. २००० च्या फेब्रुवारीत शिसं घातलेलं पेट्रोल देशभर बंद झालं. लहान मुलांच्या रक्तातलं शिसं त्यामुळे उतरलं, हे एवढं मोठं काम आहे की त्यापुढे चार जुन्या गाड्यांचं दुखणं सांगायलाही संकोच वाटावा. पण दुखणं खरं आहे. शिशाचा एक पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यात उशीसारखा बसायचा. तो गेल्यावर तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ओतीव लोखंडाची बैठक कणाकणाने झिजवत वर रुतत जातो. रुतला की टॅपेटची फट कमी होते. हेराल्डला ही फट दहा थाऊ हवी. ती असली की जुन्या इंजिनात वरून एक हलकी टकटक येत राहते, आणि नवशिक्याला तीच खुपते. फट मिटत गेली की टकटक मिटते. गाडी काय मस्त शांत झाली म्हणून मालक खूश! आतमध्ये व्हॉल्व्ह पुरता मिटत नसतो, बाजूने आग निसटत असते, धार जळत असते. एक दिवस एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं आणि मग हेड उतरवावं लागतं. आवाज करणाऱ्या इंजिनापेक्षा गप्प झालेल्या इंजिनाची मामांना जास्त काळजी. घरातल्या माणसांचंही तसंच असतं, असं ते म्हणतात. ते त्यांच्या घरापुरतं खरं असेल.

ऋतूंच्या या हिशेबात न बसलेला एकच दोष मी पाहिला, आणि तो शोधायला मामांना लागलेला वेळ मी मोजायचं सोडून दिलं. गाडी उभी असताना निर्दोष. रेस द्या, कितीही द्या, गोड. रस्त्यावरही बेताने चालवली तर ठीक. पण कल्याणच्या पत्रीपुलाच्या चढाला जोर लावला की खाड खाड गचके. ऊन नाही, पाऊस नाही, गरम नाही, थंड नाही. प्लग बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल दुसऱ्या गाडीची लावून पाहिली, एका वेळी एकच, प्रत्येक वेळी पुलावरून फेरी. मुंबईला ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्लीतून नवे पॉइंट आणले. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याला खेळ आहे म्हणून ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये लेथवर नवं बुश करून घेतलं. वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी. एकेकाळी तिथे इंजिनिअरिंगच्या नावाखाली जे जे येतं ते सगळं बनायचं, आता काचेच्या इमारती वाढल्या आहेत, तरी मागच्या गल्ल्यांत अजून असा माणूस भेटतो जो नमुना हातात घेऊन, नुसता अंगठा फिरवून, किती झिजलाय ते सांगतो. उल्हासनगरचाही पर्याय होता. तिथे कशाचीही नक्कल मिळते आणि तिच्यावर ‘मेड इन यूएसए’ असतं, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. मामा हसले आणि म्हणाले, पॉइंटच्या बाबतीत विनोद नको. बुश बसलं, आयडलिंग सुधारलं. गचके तसेच.

मग एका सकाळी त्यांनी इंजिन आयडलिंगला ठेवलं, कार्बोरेटरकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक नळी कार्बोरेटरच्या टोकाकडून सोडवली, फडक्याने पुसली आणि चक्क तोंडात धरून हवा ओढली. इंजिन अडखळलं. सोडली, सुधारलं. पुन्हा ओढली, पुन्हा अडखळलं.

ही नळी म्हणजे व्हॅक्युम ॲडव्हान्स. इंजिनाच्या ओढीप्रमाणे ती डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटची ताटली थोडी पुढे-मागे फिरवते, ठिणगी लवकर किंवा उशिरा पडावी म्हणून. ताटली फिरते, तिच्यावरचे पॉइंट फिरतात, आणि बाहेरून आत येणारी दोन-अडीच इंचाची एक नरम वायर त्यांच्याबरोबर वाकते. इतकी वर्षं वाकून तिच्या आतले तांब्याचे तंतू तुटले होते. वरचं वेष्टन शाबूत, चकचकीत. ताटली एका जागी असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकलेली राहायची. चढावर पायाखाली जोर बदलला, ताटली सरकली, की ती सुटायची. मल्टिमीटरने उभ्या गाडीत मोजली तेव्हा वायर दर वेळी पासच होत होती. तिला हलवून कोणी मोजलंच नव्हतं. मामांनी वायर काढून दोन बोटांत धरून ताणली, तर वेष्टन रबरासारखं लांबलं. मग त्यांनी ती खिशात ठेवली. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांना अशा बऱ्याच वस्तू टांगलेल्या आहेत आणि कशाखालीही नाव लिहिलेलं नाही. ज्याला ओळखू येतं त्याच्याशी ते पुढचं बोलतात.

अशा गाडीने फिरायचं कधी, असं विचारणारे भेटतात. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. तशी नोंद झाली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच. काहींना हा नियम जाचक वाटतो. मला तो आमच्याकडे बघूनच लिहिल्यासारखा वाटतो. भाजी आणायला गेलो तर बेकायदा, मिसिंग शोधायला गेलो तर कायदेशीर, म्हणजे आमचा जवळजवळ सगळा प्रवास कायद्याच्या चौकटीत बसतो.

मागे दुर्गाडी चौकात मोठ्या जेटची परीक्षा घेताना आम्हाला एका हवालदारसाहेबांनी बाजूला घेतलं. कागद बघितले नाहीत. “पुढचं सगळं उचलतं ना हिचं? उचला बघू,” म्हणाले. मामांनी उचललं. लोक जमले. हवालदारसाहेबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून इंजिनाला एक पूर्ण चक्कर मारली, वाकले, कान दिला. एक्सिलरेटरवर येणारी ती बारीक अडखळ त्यांनाही ऐकू आली असावी. त्यांच्या वडिलांकडे म्हणे फियाट होती.

“कार्बोरेटरमध्ये कचरा असणार,” ते म्हणाले.

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा मान हलवली.